लॅरमी लॅरमीत नाही

रायगड नावाचं शहर नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोललोय की व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली तेच छापून घ्यावं असं कधीकधी वाटतं. रायगड हा किल्ला आहे आणि रायगड हा जिल्हा आहे. पण जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, आणि मी अलिबागचा. पुणं पुणे जिल्ह्यात, नाशिक नाशिक जिल्ह्यात, सातारा साताऱ्यात, त्यामुळे बाकीच्या महाराष्ट्राला ही अडचण कधी कळलीच नाही. मी शाळेत असताना आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे. तेव्हा लोक आम्हाला मुंबईच्या कुलाब्याचे समजायचे आणि जरा मान द्यायचे. मग नाव बदललं आणि लोक विचारायला लागले, किल्ल्यावर राहता का?

त्यात पुन्हा अलिबाग. 'मला मूर्ख समजतोस का' हे मराठी माणसाला विचारायचं असलं की तो म्हणतो, 'मी काय अलिबागहून आलोय?' आता जो खरोखरच अलिबागहून आलाय त्यानं काय म्हणायचं? पुण्यात इंजिनिअरिंगला असताना वर्गात कुणीतरी हे रोज म्हणायचं आणि सगळे माझ्याकडे बघायचे. न्यूझीलंडला आलो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. पण हॅमिल्टनमध्येही मराठी माणसं निघालीच.

माझं लग्न याच भानगडीत मोडायला आलं होतं. बायको पुण्याची. सासऱ्यांच्या कानावर स्थळ गेलं ते 'रायगडचा मुलगा, इंजिनिअर' एवढंच. रीतीप्रमाणे चौकशी करायला हवी, म्हणून त्यांनी महाडच्या एका नातेवाइकांना कामाला लावलं. कारण रायगड म्हटलं की किल्ला, आणि किल्ला म्हटलं की महाड. त्या गृहस्थांनी महाडात माझ्या आडनावाचं एक घर शोधून काढलं. त्या घरातला मुलगा नाटक कंपनीबरोबर पळून गेलेला होता आणि परत आल्यापासून फक्त पत्ते खेळत होता. पुण्याला निरोप गेला की स्थळ बरं नाही. मी त्या वेळी शंभरावर किलोमीटर लांब, अलिबागला आमच्या अंगणात निरागसपणे स्कूटर पुसत होतो. शेवटी हे स्थळ सुचवणारे मध्यस्थ स्वतः येऊन धडकले. थंडीचे दिवस होते, वाडीत आम्ही पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून ते मडकं पेटत्या पाल्यापाचोळ्यात उलटं ठेवायचं, त्याला आमच्याकडे पोपटी म्हणतात. मध्यस्थांनी पोपटी खाल्ली आणि बसल्या जागी लग्न ठरवलं. सासरे पुढे जन्मभर म्हणायचे, माणूस चांगला निघाला, जिल्हा फसवा आहे.

ही गोष्ट मी आमच्या घरात अनेकदा सांगितली. लेक लहान असताना जेवताना सांगायचो. ती इथंच जन्मली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. थोडी मोठी झाल्यावर मी 'रायगड नावाचं' एवढं म्हटलं की ती कानात इअरफोन घालायची. बायको म्हणायची, त्या पोरीला तरी सोडा.

तर या लेकीनं गवतात पीएचडी करायची ठरवली. खरोखरचं गवत, कुरणातलं. मी म्हटलं, बाई गं, आपलं हॅमिल्टन वायकाटोत, गाईंच्या मुलखात, इथं गवताला काय तोटा आहे? मी स्वतः दूध पावडरीच्या कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो, माझं अख्खं पोट गवतावर चालतं. पण तिला पाहिजे होतं कोरडं गवत, उंचावरचं, वाऱ्यातलं. असं गवत अमेरिकेच्या पश्चिमेला वायोमिंग नावाच्या राज्यात मिळतं म्हणे. दोन-अडीच वर्षांपूर्वी ती तिथल्या लॅरमी नावाच्या गावी विद्यापीठात गेली आणि आमच्या घरात वायोमिंगचा नकाशा आला.

नकाशा बघून मी हसलोच. राज्य म्हणजे ताटात थापून चार सुऱ्यांनी कापलेली वडी. चारही बाजू सरळ. कुठं खाडी नाही, बंदर नाही, आत-बाहेर नाही. आकारानं जवळजवळ न्यूझीलंडएवढं, आणि माणसं बघाल तर ऑकलंडच्या निम्मीसुद्धा नाहीत. सगळ्या अमेरिकेत सगळ्यांत कमी वस्तीचं राज्य ते. लेक म्हणाली, तासभर गाडी चालवली तरी समोरून कुणी येत नाही, आणि आलं तर हात करतं. आम्ही कोकणातली माणसं, एका घराच्या पागोळ्या दुसऱ्या घराच्या अंगणात. मला ते कसं असेल याची कल्पनाच करता येईना.

राज्याच्या तेवीस काउंट्या. काउंटी म्हणजे जिल्हा की तालुका, यावर माझा आणि बायकोचा एक अख्खा रविवार गेला. तिचं म्हणणं तालुका, कारण काही काउंट्यांत माणसं आमच्या कॉलनीपेक्षा थोडी जास्त. माझं म्हणणं जिल्हा, कारण एकेकीचा विस्तार बघा. न्यूझीलंडमध्ये पूर्वी काउंट्या होत्या, आता ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या भागाच्या नावात तेवढ्या उरल्यात, त्यामुळे इथं विचारायलाही कुणी नव्हतं. मग मी नावं पाठ करायला घेतली. स्वीटवॉटर, म्हणजे गोडं पाणी. हॉट स्प्रिंग्ज, म्हणजे इथलं आपलं गरम झऱ्यांचं रोटोरुआ. कार्बन, कोळशावरून. क्रुक, म्हणजे इंग्रजीत चोर, पण इकडच्या बोलीत आजारी, त्यामुळे मला ती काउंटी कायम तापानं फणफणलेली वाटते.

खरी गोडी लागली ती पुढे. लेक सहज म्हणाली की तिथं गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला काउंटीचा आकडा असतो, आणि लोक आकडा बघून गाडी कुठली ते ओळखतात. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. हे तर आपलंच! एमएच बारा पुणं, एमएच चौदा पिंपरी-चिंचवड, एमएच शून्य सहा आमचं रायगड. लहानपणी घाटात उभं राहून, तेव्हाच्या जुन्या अक्षरांवरून, आम्ही हेच करायचो. न्यूझीलंडच्या नंबरप्लेटवरून गाडी कुठली ते काही कळत नाही, इतकी वर्षं ही कला गंजत पडली होती. मी आठवड्याभरात वायोमिंगचे आकडे पाठ केले. सहा म्हणजे कार्बन. बारा म्हणजे लिंकन. चौदा म्हणजे नायोब्रारा, सगळ्यांत कमी वस्तीची काउंटी. पिंपरी-चिंचवडचा आकडा असा ओसाड माळावर गेलेला बघून मला फार बरं वाटलं. आणि दोन म्हणजे लॅरमी काउंटी, म्हणजे आमची लेक. नकाशावर काउंट्यांचीच नावं होती, गावांची नव्हती. पण लॅरमी गाव लॅरमी काउंटीत असणार, त्यात बघायचं काय?

असं सगळं मजेत चाललेलं असताना एका रविवारी दुपारी, म्हणजे तिची शनिवारची संध्याकाळ, लेकीनं फोनवर सांगितलं की एक मुलगा आहे. तिकडचाच. गुरांचा डॉक्टर आहे. डिसेंबरमध्ये दोघं येणार आहेत, आणि त्याला आमच्याशी काहीतरी बोलायचंय. काय बोलायचंय ते न कळायला आम्ही काही दूधपिते नव्हतो.

बायको हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, तिचं डोकं थंड असतं. ती म्हणाली, पोरगी खुशीत आहे, येऊ द्या, बघू. मला मात्र झोप लागेना. मुलगा गोरा आहे याचं काही नव्हतं. पण तो त्या वाऱ्यातला. एकदा तिथं घर केलं की ती कशाला परत येते? पुढे नातवंडं होतील ती त्या वडीच्या मधोमध वाढतील, त्यांना अलिबाग हे कुठल्या झाडाचं नाव आहे असं वाटेल. आणि आपल्याला त्या मुलाची माहिती काय, तर एक आडनाव. तेही असं की अमेरिकेत दर वळणावर एक सापडावं.

मी चौकशी करायची ठरवली. बायकोला सांगितलं नाही, कारण तिनं करू दिली नसती. महिन्याचं सामान आणायला ऑकलंडला, सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत गेलो की जवळच हिल्सबरोला राहणारा माझा जुना मित्र तिथं भेटतोच. कोथिंबिरीच्या जुड्या निवडता निवडता मी विषय काढला. त्याचा चुलतभाऊ नेमका वायोमिंगमध्ये डॉक्टर निघाला. जगात कुठंही जा, एक मराठी डॉक्टर असतोच. हा शायॅनला होता, आणि शायॅन हे लॅरमी काउंटीचं मुख्य ठिकाण आहे असं मित्रानं फोन लावून तिथल्या तिथं विचारून घेतलं. मी म्हटलं, वा, म्हणजे त्याच जिल्ह्यातला माणूस मिळाला. आता याहून काय पाहिजे?

पुढच्या महिन्याच्या सामानाला गेलो तेव्हा निरोप मिळाला. मित्र जरा चाचरतच बोलला. म्हणाला, चुलतभावानं लॅरमी काउंटीत विचारलं, त्या आडनावाचा एक माणूस आहे. पण तो गुरांचा डॉक्टर नाही, हायवेला त्याचं फटाक्यांचं दुकान आहे. तीन लग्नं झाली आहेत. चौथं ठरलंय असं ऐकतो, मुलगी परदेशातली आहे.

मी गाडीत बसून राहिलो. मागच्या सीटवर आंब्याचा पल्प आणि तूरडाळ, आणि माझ्या डोळ्यांपुढे लेक फटाक्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती आधी माझ्यावर भडकली, मग तिनं लेकीनं पाठवलेला फोटो काढला. दोघं एका पिकअपला टेकून उभी. मुलगा तिशीचा, कानटोपी घातलेला, दात पुढे. तीन लग्नांना याला वेळ कधी मिळाला, असं ती म्हणाली.

मी फोटो मोठा केला. मुलाकडे नाही, नंबरप्लेटकडे. वायोमिंगच्या सगळ्या प्लेटांवर असतो तो उधळलेला घोडा, आणि त्याच्याआधी आकडा पाच.

पाच म्हणजे ऑल्बनी. ते नाव मनात म्हटलं आणि आधी जुने दिवस आठवले. लेक कॉलेजला असताना ऑकलंडच्या ऑल्बनीत खोली घेऊन राहायची. तेव्हा मी शनिवारी डबा घेऊन जायचो, दोन तासांत पोचायचो, आणि ती दारात उभी राहून म्हणायची, बाबा, यू डोन्ट हॅव टू. दुसऱ्याच क्षणी मात्र माझ्यातला घाटातला पोरगा जागा झाला. राहतो लॅरमीत सांगतो आणि गाडी ऑल्बनीची? म्हणजे हा माणूस काहीतरी लपवतोय. बायको नको नको म्हणत असताना मी फोन लावला.

लेक स्वयंपाकघरात होती. तिथं उंची इतकी की कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ बोटचेपी शिजत नाही, याची ती तक्रार करत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की त्याची गाडी ऑल्बनीची कशी.

"वुइ लिव्ह इन ऑल्बनी, बाबा. लॅरमी इज इन ऑल्बनी काउंटी."

"मग लॅरमी काउंटीत काय आहे?"

"शायॅन."

आता इथं शहाण्या माणसानं डाळीवर यायला हवं होतं. पण पोटात धरलेलं माझ्या तोंडून निसटलं. मी म्हटलं, "मग तो तीन लग्नांचा फटाकेवाला कोण?"

पलीकडे कुकर बंद झाला. मग लेक अगदी हळू म्हणाली, "बाबा, डिड यू डू अ चौकशी ऑन हिम?"

इंग्रजी वाक्यात तो एकच मराठी शब्द. मला हो म्हणावं लागलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं इंग्रजीत एवढंच सांगितलं की तो मुलगा महिनाभर मनात वाक्यं जुळवतोय, आम्हाला काय म्हणायचं, कसं म्हणायचं, आणि मला काही विचारायचं होतं तर तिला विचारता आलं असतं. डिसेंबरचं आता बघू, म्हणाली, आणि फोन ठेवला.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "अलिबागहून आलात ते आलातच," एवढं बोलून ती उठून गेली. जगातली कुठलीही व्यक्ती ही चूक करती तर मी हसलो असतो. लॅरमी लॅरमीत नाही, ही गोष्ट ज्या एका माणसाला न सांगता कळायला हवी होती, तो मी.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. लेक आईला मेसेज करायची, मला नाही. मी लांबलचक लिहायचो आणि पुसायचो. शेवटी 'चुकलो' एवढंच पाठवलं. तिनं ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. मी खरोखर घाबरलो होतो. ती लांब गेली म्हणून मी धास्तावलो होतो, आणि तिला त्याहून लांब ढकलायचं काम माझं मीच केलं होतं. वायोमिंगचा नकाशा मी फ्रिजवरून काढून ठेवला. बायकोनं तो परत लावला. नोव्हेंबर संपता संपता तिनं सांगितलं की दोघं येतायत. मी खूश होऊ नये म्हणून लगेच पुढे म्हणाली, तिकिटं परत होत नाहीत.

ऑकलंडच्या विमानतळावर तो मुलगा आमच्याकडे आला आणि पाठ केल्यासारखा, आधी माओरीतला नमस्कार मग आपला, "किया ओरा, नमस्ते" म्हणाला. इतका उंच, की आमच्या टोयोटात दुमडून बसवावा लागला. लेकीनं मला एका हातानं मिठी मारली आणि आईशेजारी मागे बसली. तो माझ्या शेजारी. हॅमिल्टनपर्यंत तो खिडकीतून गाई बघत होता आणि एवढं हिरवं गवत, एवढं हिरवं गवत, असं पुटपुटत होता. मीही मनात म्हणत होतो, बघ बाबा, नीट बघ, इथंही गुरं आजारी पडतात. मोठ्यानं मात्र फक्त हवेवर बोललो. लेक मागून एकदाही माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीचवर जायचं ठरलं. तो बर्फातून आलेला, जाडजूड बूट घालून. त्याच्या मापाचे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, कुठं असतील तर गॅरेजमध्ये, म्हणून मी त्याला घेऊन तिकडे गेलो. मी खोक्यात डोकं घालून शोधत होतो आणि तो भिंतीकडे बघत उभा होता. तिथं माझ्या स्कूटरची जुनी नंबरप्लेट ठोकलेली आहे. स्कूटर भंगारात गेली तेव्हा तेवढी मी सुटकेसमधून इकडे आणली होती.

"सिक्स," तो म्हणाला. मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं की तुमच्याकडे सहा म्हणजे कार्बन काउंटी, पण आमच्याकडे... तेवढ्यात तोच इंग्रजीत पुढे बोलला. "रायगाड. पण गाव अलिबाग. रायगाड नावाचं शहर नाही."

मी एक जँडल हातात धरून तसाच उभा राहिलो. तुला हे कुणी सांगितलं, असं विचारलं. तो लाजला. मग त्यानं त्याच्या संथ इंग्रजीत सांगितलं. त्यांची पहिली भेट एका मित्राच्या घरी, बार्बेक्यूला. कुणीतरी त्याची ओळख करून दिली, हा लॅरमी काउंटीचा. त्यावर तो नेहमीप्रमाणे चिडला, की लॅरमी लॅरमी काउंटीत नाही, किती वेळा सांगायचं, लॅरमी ऑल्बनीत आहे. सगळे हसून दुसरीकडे वळले. एक मुलगी मात्र प्लेट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, तू अगदी माझ्या बाबांसारखा बोलतोस.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. कुलाबा, किल्ला, महाड, नाटक कंपनीबरोबर पळालेला मुलगा, चौकशी, पोपटी. एकही गोष्ट सुटली नव्हती. त्यानंतरच्या थंडीत दोघांनी मडकं आणून पोपटी लावायचा प्रयत्न केला म्हणे, पण वाऱ्यानं आग टिकेना. आणि आडनावाचा घोळ तर त्याचाही होता. त्या फटाकेवाल्यासाठीचे फोन त्याला वर्षानुवर्षं येतायत.

मला वाटत होतं, या घरात माझी ती रड कुणी ऐकतच नाही. आणि लेकीनं ती कानात इअरफोन असताना ऐकली होती, समुद्रापलीकडे नेली होती, आणि तिथं तशीच रड घेऊन बसलेला माणूस शोधला होता. मी परत खोक्यात डोकं घातलं आणि दुसरा जँडल शोधायला लागलो, जो माझ्या हाताखालीच होता.

मागून चहाचा वास आला. गॅरेजच्या दारात लेक दोन कप घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं एक कप त्याला दिला, दुसरा माझ्यापुढे धरला.

"झाली चौकशी?" तिनं विचारलं. मराठीत.

"झाली," मी म्हटलं.